शहराचा पहिला धनको

एखाद्या शहराजवळ आपल्या नोकरांचे पगार भागवण्याइतके पैसे उरले नाहीत अशी बातमी आली, की तिच्या पाठोपाठ अग्रलेख येतात आणि त्या अग्रलेखांत आरोपी आधीच ठरलेला असतो. संघटित कामगारांनी शहराला ओलीस धरले, मूठभरांच्या पगारापायी लाखो करदाते भरडले जात आहेत, आस्थापना खर्चाने विकास गिळून टाकला, ही वाक्ये देश बदलला आणि दशके उलटली तरी बदलत नाहीत. त्यांच्या जोडीला आपल्याकडे एक म्हण हमखास ऐकवली जाते : आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हण खोटी नाही. परंतु आड कोणी उपसला, आणि उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न ती विचारीत नाही. ते विचारण्यासाठी वाचकांना थोडे दूर, १९७५ सालच्या न्यूयॉर्कमध्ये न्यावे लागणार आहे. कारण शहराच्या दिवाळखोरीवरचा जो उतारा आज जगभर सांगितला जातो, त्याचा पहिला मोठा प्रयोग भांडवलशाहीच्या त्या राजधानीतच झाला.

आड कोणी उपसला?

१९७५ च्या वसंत ऋतूत बँकांनी न्यूयॉर्क शहराचे नवे कर्जरोखे विक्रीस घेण्याचे नाकारले. शहराच्या डोक्यावर अकरा अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज होते आणि त्यातला मोठा हिस्सा अल्प मुदतीचा होता. जुने फेडण्यासाठी नवे काढायचे, असा शिरस्ताच पडून गेला होता. हिशेबात लबाड्याही होत्या. रोजचा चालू खर्च भांडवली खर्चाच्या सदरात दाखवला जाई आणि न आलेल्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज उचलले जाई. या गोष्टी झाकून ठेवण्याचे आपल्याला काही कारण नाही. परंतु त्या लबाड्या सफाई कामगारांनी किंवा शाळेतल्या मदतनीस बायकांनी केलेल्या नव्हत्या. त्या महापौरांच्या आणि हिशेबनिसांच्या कचेरीत झाल्या, आणि त्या कर्जरोख्यांवर दलाली व व्याज मिळवणाऱ्या बँकांच्या डोळ्यांदेखत झाल्या.

लबाडीच्या मागे मुळात तूट होती, आणि त्या तुटीची कारणे शहराच्या हाताबाहेरची होती. १९६९ पासून पुढच्या आठ वर्षांत न्यूयॉर्कमधील सहा लाखांच्या आसपास नोकऱ्या नाहीशा झाल्या. कारखाने स्वस्त मजुरीच्या प्रदेशात निघून गेले. केंद्र सरकारने घरकर्जांना दिलेल्या हमीने आणि १९५६ च्या कायद्यान्वये बांधलेल्या महामार्गांनी सुस्थित गोरा मध्यमवर्ग उपनगरांत नेऊन बसवला. त्याच काळात दक्षिणेतील शेतीतून हुसकले गेलेले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब शहरात राहावयास आले. त्यांच्या निर्वाहभत्त्याचा सुमारे चौथा हिस्सा शहराने स्वतःच्या तिजोरीतून द्यावा, असा राज्याचा दंडक होता. दारिद्र्य साऱ्या देशाच्या अर्थव्यवस्थेने निर्माण केले आणि त्याचे बिल एका शहराच्या नावे फाडले गेले. कर देणारा गेला, मदत लागणारा आला, आणि कर बसवण्याचे अधिकार मात्र राज्याच्या मुठीत राहिले. अशा शहराचा जमाखर्च जुळला असता तरच नवल!

आता बँकांकडे पाहू. अमेरिकेच्या रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या अधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात महापौर व हिशेबनीस यांच्याप्रमाणेच शहरातल्या सहा मोठ्या बँकांवरही ठपका होता. शहराची नाजूक स्थिती ठाऊक असूनही ती सामान्य गुंतवणूकदारांना नीट न सांगता रोखे त्यांच्या गळ्यात मारले गेले, आणि बँकांनी आपल्याजवळचे रोखे मात्र वेळीच हातावेगळे केले, असे त्यातून दिसून आले. एवढे होऊनही लोकांच्या मनात ठसले ते कामगार संघटनांचेच नाव. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची रीत आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये.

हक्कांचा क्रम

पैसे कमी पडले म्हणजे कोणालातरी थांबावे लागते. कोणाला थांबवायचे हे ठरवणे ही राजकीय कृती असते, मग तिच्यावर अर्थशास्त्राचे कितीही पांघरूण घाला. न्यूयॉर्कमध्ये हा क्रम कसा लागला ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

जून १९७५ मध्ये राज्याने शहराच्या साहाय्यासाठी एक महामंडळ स्थापन केले. त्याने शहरासाठी कर्ज उभारायचे होते. त्या कर्जाच्या तारणासाठी शहराचा विक्रीकर आणि शेअर-हस्तांतरणावरील कर राज्याकडे वळवून या महामंडळाच्या हवाली करण्यात आले. म्हणजे दुकानात साबण घेताना न्यूयॉर्कच्या गरिबाने दिलेला कर प्रथम रोखेधारकांच्या व्याजासाठी बाजूला निघू लागला. त्यातून उरले तर ते रस्ता झाडणाऱ्यासाठी. १ जुलैला पाच हजारांवर पोलीस आणि सुमारे तीन हजार सफाई कामगार कामावरून कमी झाले. सफाई कामगारांनी काम थांबवले, कचऱ्याचे ढीग साचले आणि वृत्तपत्रांना हवी ती छायाचित्रे मिळाली. सप्टेंबरमध्ये भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटांवरून ५० सेंट झाले. त्याच महिन्यात शहराच्या अर्थसंकल्पावर एक नियंत्रण मंडळ बसवण्यात आले. त्यात राज्याचे व शहराचे पदाधिकारी होते, आणि त्यांच्या जोडीला तीन खाजगी सभासद. हे तिघेही मोठमोठ्या कंपन्यांचे धुरीण होते. ज्यांच्या पगाराचा फैसला व्हायचा होता त्यांचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता.

१८४७ मध्ये स्थापन झालेल्या मोफत महाविद्यालयापासून चालत आलेली, विनाशुल्क उच्च शिक्षणाची न्यूयॉर्कची परंपरा १९७६ मध्ये संपुष्टात आली. १९७० मध्ये त्या विद्यापीठाची दारे सरसकट खुली झाली होती आणि कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन मुले प्रथमच मोठ्या संख्येने आत आली होती. गोऱ्या स्थलांतरितांच्या तीन पिढ्या फुकट शिकल्या. गरिबांच्या नव्या पिढीची पाळी आली तेव्हा शुल्क लागले.

याउलट शेअर-हस्तांतरणावरील कराचे काय झाले? न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील व्यवहारांवर हा कर अनेक दशके होता. पुढे टप्प्याटप्प्याने तो परत करण्याची सवलत सुरू झाली आणि १९८१ पासून शंभर टक्के रक्कम परत मिळू लागली. विद्यार्थ्यावर नवे शुल्क बसते, प्रवाशाचे भाडे वाढते आणि शेअर दलालाचा कर परत केला जातो, हे एकाच शहरात सहा वर्षांच्या अवधीत घडले. आडात पाणी नव्हते असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आरोपीनेच शहर वाचवले

या कथेचा सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. १७ ऑक्टोबर १९७५ रोजी शहराला ४५ कोटी ३० लाख डॉलर देणे होते आणि तिजोरीत ते नव्हते. दिवाळखोरीचे कागद तयार होते. त्या दिवशी शहर वाचले ते शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीमुळे. बऱ्याच ओढाताणीनंतर शिक्षक संघटनेचे नेते आल्बर्ट शँकर यांनी संमती दिली आणि त्या निधीतून १५ कोटी डॉलरांचे रोखे घेतले गेले. याच महिन्याच्या २९ तारखेला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी शहराला केंद्राची मदत साफ नाकारली. शहराने मरावे, असा त्याचा अर्थ एका दैनिकाने मथळ्यात लावला; शब्द फोर्ड यांचे नसले तरी अर्थ चुकीचा नव्हता. नोव्हेंबरच्या समझोत्यात शहराच्या नोकरांच्या निवृत्तिवेतन निधींनी एकूण अडीच अब्ज डॉलरांचे रोखे घेण्याचे मान्य केले. त्यानंतर कोठे केंद्राला पाझर फुटला आणि डिसेंबरात वर्षाला २.३ अब्ज डॉलरांपर्यंत हंगामी कर्ज मंजूर झाले. तेही सरकार स्वतः ज्या दराने कर्ज काढी त्याहून एक टक्का जादा व्याजाने! केंद्राला त्या मदतीत नफा झाला.

ज्यांच्यावर शहर बुडवल्याचा आरोप होता त्यांनी आपल्या म्हातारपणाची पुंजी शहराच्या हवाली केली, आणि ज्यांना शहराचे तारणहार म्हणून मिरवले गेले त्या बँका आपले रोखे विकून मोकळ्या झाल्या होत्या. मात्र या औदार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निवृत्तिवेतन रोख्यांत अडकल्यावर संघटनांचे हात बांधले गेले. शहर बुडाले तर आपलेच निवृत्तिवेतन बुडेल, या भयाने त्यांनी वेतनवाढ पुढे ढकलली, नोकरकपात सोसली आणि व्यापक लढ्याचा विचार सोडून दिला. पुढील काही वर्षांत शहराच्या सेवेतील साठ हजारांच्या आसपास जागा कमी झाल्या.

वेतन हेही कर्जच

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत वेतन हे खर्चाच्या बाजूला लिहिलेले असते आणि व्याज हे देण्याच्या बाजूला. या साध्या मांडणीत एक मोठा अन्याय दडलेला आहे. खर्च कमी करता येतो, देणे फेडावेच लागते, असा संस्कार त्यातून होतो. वस्तुतः कामगार महिनाभर आधी राबतो आणि महिना संपल्यावर त्याला पगार मिळतो. तीस दिवस तो आपले श्रम शहराला उधार देतो, आणि तेही बिनव्याजी व बिनतारणी. निवृत्तिवेतन तर त्याहून लांब मुदतीची उधारी आहे. पंचविशीत केलेल्या कामाच्या मोबदल्याचा एक अंश तो साठीनंतर घेण्याचे मान्य करतो. म्हणून कामगार हा शहराचा पहिला धनको आहे, आणि त्याचा पगार थकवणे हा काटकसरीचा उपाय नसून सरळसरळ देणे बुडवणे आहे.

यावर प्रतिपक्षाचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. रोखेधारकांचे पैसे बुडवले तर उद्या शहराला कोणी कर्ज देणार नाही. मग पाण्याच्या नळवाहिन्या आणि रुग्णालये कशी बांधायची? शिवाय रोखेधारकांतही सारेच कोट्यधीश नसतात. हे खरे आहे. परंतु व्याज कशाबद्दल मिळते? धनकोने पत्करलेल्या धोक्याचा तो मोबदला आहे, असे हेच अर्थशास्त्र शिकवते. अमेरिकेत तर शहरांच्या रोख्यांवरील व्याजावर सामान्यतः केंद्राचा आयकरही लागत नाही. धोक्याबद्दल मोबदला घ्यायचा आणि धोका प्रत्यक्ष उभा राहिला की तो, ज्याला असा कोणताही मोबदला मिळालेला नाही त्या कामगाराच्या अंगावर ढकलायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

धनाढ्य धनकोचे देणे अलंघ्य असते, हेही खरे नाही. डेट्रॉइटचे उदाहरण ताजे आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेले मोटारींचे हे शहर सात लाखांवर आले आणि १८ जुलै २०१३ रोजी सुमारे १८ अब्ज डॉलरांची देणी घेऊन दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले. शहरांवर प्रशासक लादणारा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये फेटाळला होता. विधिमंडळाने पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा कायदा केला आणि त्याच्या मार्गाने प्रशासक आला. निवृत्तिवेतनाला राज्यघटनेचे संरक्षण होते, तरी दिवाळखोरीत ते कापता येते असा निर्णय न्यायाधीशांनी दिला. वर्षाला सरासरी १९ हजार डॉलरांच्या आसपास निवृत्तिवेतन मिळणाऱ्या सामान्य नोकरांचे साडेचार टक्के कापले गेले, महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली आणि आरोग्यखर्चाचा आधारही बव्हंशी गेला.

याच शहराने २००५ च्या सुमारास बँकांशी व्याजदराच्या अदलाबदलीचे करार केले होते. व्याजदर कोसळले तेव्हा ते करार शहराच्या गळ्याशी आले, आणि २००९ मध्ये जुगारगृहांच्या कराचे उत्पन्न बँकांना तारण द्यावे लागले. दिवाळखोरीत या बँकांना साडेसोळा कोटी डॉलर देऊन सुटका करून घेण्याची तडजोड मांडली गेली. न्यायाधीशांनी ती अवाजवी म्हणून फेटाळली. त्यानंतर तेच प्रकरण साडेआठ कोटींत मिटले. न्यायाधीशाने एकदा मान हलवून नकार दिला आणि अर्धे देणे नाहीसे झाले! एवढी जर ही देणी लवचिक असतात, तर पहिला नकार नेहमी झाडूवाल्यालाच का मिळतो?

आपल्या शहरांचे काय?

हे सारे अमेरिकेतले झाले, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बाराव्या परिशिष्टात १८ विषय सांगितले. त्या विषयांना पुरतील असे कर कोणते, याची यादी मात्र घटनेत कोठेही नाही. ते राज्य विधिमंडळांच्या मर्जीवर सोडले आहे. महाराष्ट्रातील शहरांचा हुकमी आधार जकातीचा होता. जकात वाईट कर होता, तिच्या नाक्यांवर भ्रष्टाचार माजला होता, हे मान्यच आहे. पण तिच्या जागी आणलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येताच मुंबईची जकातही गेली. आता राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसायचे. स्वतःच्या कराचे शहर अनुदानाचे शहर झाले.

दुसरीकडे शहरांनी रोखे बाजारात उतरावे असा उपदेश चालू आहे. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. अशा रोख्यांची रचना सर्वसाधारणपणे काय असते? शहराच्या उत्पन्नाचा ठरलेला ओघ प्रथम एका वेगळ्या खात्यात जातो आणि रोखेधारकांचा हप्ता त्यातून सुरक्षित केला जातो. न्यूयॉर्कच्या महामंडळाचीच ही धाकटी आवृत्ती आहे. पाणीयोजनेसाठी कर्ज काढू नये असे मी म्हणत नाही. परंतु रोखेधारकासाठी वेगळे खाते असते, तसे कामगाराच्या पगारासाठी का नसावे?

मुंबईने तर हेही दाखवून दिले, की प्रश्न केवळ पैशाच्या अभावाचा नसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये पगार वेळेवर मिळावा एवढ्यासाठी बेस्टच्या कामगारांना संप करावा लागला. त्या वर्षी मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी साठ हजार कोटींच्या घरात होत्या. त्यांतील काही रक्कम इतर कामांसाठी बांधलेली होती हे लक्षात घेतले, तरी ज्या पालिकेचा बेस्ट हा उपक्रम, ती दरिद्री होती असे कोणी म्हणू शकणार नाही. वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बससेवेची तूट भरण्याची जुनी वाट बंद झाल्यावर बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, ही कामगारांची मागणी होती. जानेवारी २०१९ मध्ये तिच्यासह अन्य मागण्यांसाठी नऊ दिवसांचा संप झाला. त्यानंतर उपाय निघाला तो खाजगी मालकांच्या भाड्याच्या बसगाड्यांचा आणि कंत्राटी चालकांचा. त्याने काय साधले? ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कंत्राटी चालकांनी तुटपुंज्या पगाराविरुद्ध काम बंद केले. संघटना बाजूला सारली म्हणून पोट बाजूला सारता येत नाही.

संघटनांनी काय करावे?

आता दोन शब्द आपल्या संघटनांना. कायम कामगारांच्या पगाराची लढाई लढताना शेजारीच तेच काम निम्म्याहून कमी पैशांत करणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे बहुतेक संघटनांनी वर्षानुवर्षे पाठ फिरवली. मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि ती लढाई त्यांच्या स्वतंत्र संघटनेने लढली. शिवाय संपाच्या दिवशी बसथांब्यावर तिष्ठणारी मोलकरीण आपली शत्रू नाही, ही गोष्ट आपण तिला सांगायला गेलो नाही; मालकांची वृत्तपत्रे तिच्यापर्यंत आधी पोहोचली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका कामगार वस्तीत नोव्हेंबर १९७५ मध्ये काटकसरीच्या नावाखाली अग्निशमन केंद्र बंद करण्याचा हुकूम आला, तेव्हा रहिवाशांनी ते केंद्रच ताब्यात घेतले आणि बंब हलू दिला नाही. १९७७ मध्ये शहराला ते पुन्हा सुरू करावे लागले. सेवा देणारा आणि सेवा घेणारा एका बाजूला उभे राहिले, तेथेच त्या काळात काटकसरीचा रथ अडला.

मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कंपनी बुडाली तर कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीची मानावीत, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याने १९८५ मध्ये स्वीकारले आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही चोवीस महिन्यांच्या देण्यांपुरते ते राखले गेले. खाजगी कारखान्यात जो कामगार धनको ठरतो, तो महापालिकेत नुसता खर्च कसा ठरतो? म्हणून कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कामगाराचे वेतन व निवृत्तिवेतन हा शहराच्या उत्पन्नावरील पहिला बोजा आहे, असे कायद्याने ठरवावे. अठरा विषयांबरोबर त्यांना पुरणारे करही शहरांना हक्काने मिळावेत, आणि त्या करांचा भार भाडेकरूवर न पडता जमिनीच्या चढत्या किमतींवर ज्यांचे इमले उभे राहिले त्यांच्यावर पडावा. शहराचे कर्ज, त्याचे व्याज, ठेकेदारांची देयके आणि माफ केलेले कर यांचा हिशेब दरवर्षी पगारपत्रकाशेजारी मांडून लोकांपुढे ठेवावा.

हा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडला, की पगाराने शहर बुडाले असे म्हणणाऱ्यांना आकडे दाखवावे लागतील. आज त्यांना नुसती म्हण पुरते.